ब्लॅकपूलच्या हातात कटोरा कुणी दिला?



जिल्हा बैठकीच्या पत्रकात आपण एरवी कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीजबिल आणि बँकेच्या नोटिसा यांवर बोलतो. या वेळी ही पाने विलायतेतल्या एका गावाला देतो आहे. गाव समुद्रकाठी आहे, नाव ब्लॅकपूल. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लँकेशायर परगण्याच्या काठाला. २०२१ च्या जनगणनेत वस्ती एक लाख एकेचाळीस हजारांच्या आसपास.

तुम्ही म्हणाल, इथे पऱ्हाटीवर लाल्या आलाय, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, आणि हा गडी आम्हाला विलायतेच्या गप्पा ऐकवतो. थोडा दम धरा. दोन कारणे आहेत. पहिले, ते गाव कापसावर उभे राहिले आणि त्यात आपल्या पणजोबांच्या धोतराचाही पैसा आहे. दुसरे, त्या गावावर तिथले सरकार अनेक वर्षे जो प्रयोग करते आहे, तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आधी कमाईची सत्ता काढून घ्यायची, मग माणूस बसला की वरून पॅकेज टाकायचे, आणि पॅकेज पचले नाही की माणसालाच नालायक ठरवायचे.

श्रीमंत देशात, शिकल्यासवरलेल्या नोकरशाहीत, रस्ता-वीज-पाणी सगळे असताना हा प्रयोग कसा चालला, ते पाहिले म्हणजे आपल्याकडचा दोष फक्त तलाठ्याचा किंवा तालुक्याच्या साहेबाचा नाही, हे कळेल.

कापसाच्या मजुरीवर वसलेले गाव

लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. बोल्टन, ओल्डहॅम, बर्नली, एकेका गावात गिरण्यांच्या चिमण्यांचे रान. तिथे कापूस पिकत नाही. तो अमेरिकेतून यायचा. आपला आखूड धाग्याचा कापूस त्यांना आवडत नसे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या, तेव्हा मँचेस्टरवाल्यांना वऱ्हाड आठवला. १८५३ मध्येच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची फाट्याची गाडी सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापूस उचलायची घाई किती होती, ते यावरून समजावे. युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव कोसळले. ती गोष्ट आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली आहे.

तो कापूस कापड होऊन परत आपल्याकडेच यायचा. लँकेशायरच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. त्या धंद्यातून गिरणी कामगाराला जी मजुरी मिळे, त्यातले चार पैसे तो वर्षभर गिरणीतल्या बचत-मंडळात टाकी. वर्षातून एकदा गावची जत्रा असे. तिला तिकडे ‘वेक्स’ म्हणत. त्या आठवड्यात गिरणी बंद, अख्खे गाव रेल्वेत बसून समुद्राला. आज या गावाची सुट्टी, पुढच्या आठवड्यात त्या गावाची. ही सगळी गर्दी ज्या किनाऱ्यावर उतरे, ते ब्लॅकपूल.

१८४६ मध्ये तिथे रेल्वे आली. १८६३ मध्ये समुद्रात घुसणारा पहिला लांब धक्का बांधला. १८८५ मध्ये विजेवर चालणारी ट्राम आली, ती ब्रिटनमधल्या पहिल्यांपैकी. १८९४ मध्ये पॅरिसचा आयफेल मनोरा पाहून यांनी आपला मनोरा उभारला, ५१८ फूट उंच. गल्लोगल्ली खानावळी आणि राहण्याच्या खोल्या. विधवा बाया, गिरणीतून निघालेल्या बाया घर भाड्याने घेऊन चार पाहुणे ठेवीत आणि पोरे वाढवीत. सरकारने ‘किनारा विकास’ नावाची योजना काढली नव्हती. गिऱ्हाईकाच्या हातात पैसा होता, एवढेच पुरले.

दोन पेन्सचा अधिकार

या गोष्टीतला कळीचा प्रसंग १८७९ चा आहे.

त्या वर्षी ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने पार्लमेंटकडून एक कायदा करून घेतला. त्याने पालिकेला घरपट्टीत पौंडामागे दोन पेन्सपर्यंत जास्तीचा कर बसवायची मुभा मिळाली. तो पैसा कशाला? गावाची जाहिरात करायला आणि वाद्यवृंदाला. साधी गोष्ट वाटते, पण नीट पाहा. गावाने राजधानीकडे पैसे मागितले नाहीत. स्वतःच्या खिशातून स्वतःच्या धंद्यासाठी पैसे काढण्याचा अधिकार मागितला. कर गावाचा, खर्च गावाचा, चुकले तर शिव्या देणारा मतदारही गावचाच. त्याच वर्षी समुद्रकाठी विजेचे दिवे लावून लोकांना दाखवले. पुढे त्या दिव्यांचा उत्सव दूरदूर गाजला, आणि हंगाम संपला तरी गिऱ्हाईक येत राहिले.

दोन पेन्स गावाचे स्वतःचे होते, म्हणून कुणी अहवाल मागवला नाही. दिवे लावावेत की बँड वाजवावा, हे ज्याचे दुकान होते त्याने ठरवले.

गाव बसले कसे

गिरण्या मरू लागल्या तसे ब्लॅकपूलचे गिऱ्हाईक आटू लागले. याचा सगळा दोष सरकारवर टाकणे खोटेपणाचे होईल. हिंदुस्थानात गिरण्या निघाल्या, जपानच्या निघाल्या, स्वदेशीची चळवळ झाली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरात डार्वेनला जाऊन, काम गेलेल्या गिरणी कामगारांना भेटले. त्या माणसांशी त्यांचे भांडण नव्हते, आपलेही नाही. पुढे १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारने कापूस उद्योगाचा कायदा करून जुन्या चात्या आणि माग मोडीत काढणाऱ्या गिरणीमालकांना भरपाई दिली. मालकांनी यंत्रे फोडली, पैसे घेतले, आणि गिरण्या काही त्याने वाचल्या नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांत विमानाने स्पेनला जाणे कामगारालाही परवडू लागले. तिथे ऊन हमखास, ब्लॅकपूलला पावसाचा भरवसा नाही. गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईकाने कुठे जावे हे सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

पण धंदा बदलतो तेव्हा गावाला वळायला जागा लागते, हातात पैसा लागतो, निर्णय लागतो. ते नेमके याच काळात काढून घेतले गेले. १९९० पासून दुकाने, हॉटेले, कारखाने यांच्यावरचा स्थानिक कर ठरवण्याचा अधिकार पालिकांकडून गेला. दर लंडनने ठरवायचा, पैसा एका देशव्यापी हौदात जायचा आणि तिथून वाटप व्हायचे. २०१३ पासून त्यातला काही वाटा पालिकांकडे राहू लागला, पण दर लंडनच्याच हाती. घरांवरचा कर वाढवायचा तर २०१२ पासून ठरावीक टक्क्यांच्या वर सार्वमत घ्यावे लागते. आणि २०१०-११ ते २०१७-१८ या काळात, तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कचेरीच्या हिशेबाप्रमाणे, इंग्लंडच्या पालिकांना केंद्राकडून मिळणारा निधी महागाई धरून ४९.१ टक्क्यांनी घटला. म्हणजे जवळजवळ अर्धा.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि इथे तर आडाचा दोरच कापलेला.

परिणाम मोजमापाने दिसतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत हलाखीच्या दहा वस्त्या निघाल्या, त्यातल्या आठ एकट्या ब्लॅकपूलच्या. २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे तिथल्या पुरुषाचे सरासरी आयुष्य सुमारे ७४ वर्षे, सबंध इंग्लंडचे ७९ च्या वर. गावाने माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षे खाल्ली. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या गावात बाप लवकर गेलेली किती घरे आहेत, ते तुम्हीच मोजा. मग हा आकडा परका वाटणार नाही.

योजनांची नावे आणि अर्जांची रांग

मग सुरू झाला योजनांचा पाऊस. २०१२ मध्ये कोस्टल कम्युनिटीज फंड. २०१९ मध्ये टाऊन्स फंड, ३६० कोटी पौंडांचा. २०२१ मध्ये लेव्हलिंग अप फंड. २०२२ मध्ये शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड. २०२५ मध्ये प्राइड इन प्लेस. मंत्री बदलला की नाव बदलते, पाटी नवी लागते, फोटो नवा निघतो. एका पौंडाचे आजच्या भावाने शंभराच्या वर रुपये होतात, तेव्हा आकडे ऐकून आपले डोळे फिरतात. पण हिशेब करू.

टाऊन्स फंडातून ब्लॅकपूलला ३ कोटी ९५ लाख पौंड जाहीर झाले. गावांना मिळालेल्या मोठ्या रकमांपैकी ही एक. माणशी भागले तर २८० पौंड. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ५६, म्हणजे माणशी आठवड्याला जेमतेम एक पौंड. एका बाजूने नेहमीच्या अनुदानाचा अर्धा भाग कापायचा आणि दुसऱ्या बाजूने आठवड्याला पौंडाची चिल्लर उधळायची. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

पहिल्या योजनेचा पैसा कुठून येत होता, तेही बघा. किनाऱ्यालगतच्या समुद्राचा तळ तिकडे राजाच्या मालकीचा धरला जातो. त्याचे भाडे सरकारी तिजोरीत जाते. त्या समुद्री उत्पन्नाच्या निम्म्याइतकी रक्कम बाजूला काढून तिला ‘किनारी गावांसाठी निधी’ म्हटले. समुद्र किनाऱ्याचा, भाडे तिजोरीचे, आणि निम्मे परत देताना ते दान.

आपल्याला हे नवे नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्या चुकाऱ्यातून भांडवल उभारणी निधी कापला जाई. तो पैसा आपलाच होता. तो परत करण्याची रक्कम २००५ च्या डिसेंबरात राज्य सरकारच्या १,०७५ कोटींच्या पॅकेजात बेरजेला धरली गेली. आपलेच देणे फेडले आणि त्याला मदत म्हटले.

आता रांगेचे पाहू. यांतल्या बऱ्याच योजना सगळ्यांना हक्काने मिळत नसत. पालिकेने अर्ज करायचा, आराखडा, नकाशा, सल्लागाराचा अहवाल जोडायचा, आणि लंडनहून निकालाची वाट पाहायची. तिथल्या पालिकांच्या संघटनेने काढलेला खर्च एका अर्जामागे सरासरी ३०,००० पौंड. हरला तर तेवढे पाण्यात. लेव्हलिंग अप फंडाच्या दुसऱ्या फेरीत तर अर्ज आल्यानंतर नियम निघाला की पहिल्या फेरीत मिळालेल्यांना पुन्हा मिळणार नाही. त्यात ५५ पालिकांची मेहनत वाया गेली, असे पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने नोंदवले. कापूस घेऊन बैलगाडी केंद्रावर पोचल्यावर काटा बंद झाल्याची पाटी दिसावी, तसे.

आणि निवड? टाऊन्स फंडासाठी अधिकाऱ्यांनी ५४१ गावांची गरजेप्रमाणे यादी लावली. वरची ४० सरळ घेतली. उरलेली ६१ मंत्र्यांनी मधल्या आणि खालच्या गटांतून निवडली. यादीत ५३५ व्या क्रमांकावर असलेले चीडल नावाचे खाऊनपिऊन सुखी गाव त्यात आले. २०२२ च्या उन्हाळ्यात पंतप्रधानपदाच्या शर्यतीत असलेले ऋषी सुनक टनब्रिज वेल्सच्या पक्षसभेत म्हणाले की, गरीब शहरी भागांकडे पैसा वळवणारी सूत्रे बदलायचे काम आपण अर्थखात्यात असताना सुरू केले. त्याची चित्रफीत निघाली. आपल्या पुढाऱ्यांपेक्षा ते इतकेच वेगळे, की बोलताना कॅमेऱ्यात सापडले.

सगळ्यात बोलका पुरावा सत्तेतल्याच माणसाचा. २०२३ च्या जानेवारीत वेस्ट मिडलंड्सचे महापौर अँडी स्ट्रीट, स्वतः सत्ताधारी पक्षाचे, उघड म्हणाले की लंडनची ही बोली लावण्याची आणि कटोरा घेऊन उभे राहण्याची रीत मोडकळीस आली आहे. कटोरा हा शब्द विरोधकाचा नाही, घरच्याचा आहे.

एवढे करून पैसा जमिनीवर पोचला का? लोकलेखा समितीने २०२४ च्या मार्चमध्ये हिशेब मांडला. निरनिराळ्या लेव्हलिंग अप योजनांत मिळून १,०४७ कोटी पौंडांचा शब्द दिला होता. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत पालिकांच्या हातून खर्च झाले १२४ कोटी. शंभरात बारा. भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची पाळी.

एका परवान्यासाठी गाव ओलीस

परवाना राज्याची आपल्याला आठवण आहे. विलायतेत ते नव्हते असे समजू नका.

२००५ मध्ये तिथे जुगाराचा नवा कायदा झाला. मोठ्या जुगारगृहांना परवानगी देण्याचे ठरले होते. आधी आठांची मर्यादा आली, ती कापून एकावर आणली. सबंध देशात एक मोठे जुगारगृह. जुगार चांगला की वाईट, हा वाद इथे करत नाही. मुद्दा असा की ब्लॅकपूलने त्या एका कागदावर सगळी आशा बांधली. पुढची सगळी आखणी त्या भोवती. २००७ च्या ३० जानेवारीला नेमलेल्या समितीने तो परवाना मँचेस्टरला द्यावा अशी शिफारस केली. मार्चमध्ये वरच्या सभागृहाने तो बेत हाणून पाडला. २००८ मध्ये सरकारने कल्पनाच सोडून दिली. परवाना ब्लॅकपूललाही नाही, मँचेस्टरलाही नाही. बाजारात तुरी म्हणतात, तशी गत. फरक इतकाच की तुरी बाजारात होत्या की नाही, हे ठरवणारा लंडनला बसलेला.

ज्या गावाने १८७९ मध्ये स्वतःच्या दोन पेन्सवर दिवे लावले, त्याच गावाने सव्वाशे वर्षांनी एका समितीच्या तोंडाकडे बघत दिवस काढले. माणसे तीच, वारसा तोच. अक्कल कुठे गेली नव्हती, अधिकार गेला होता.

एका हाताने खुराडे, दुसऱ्या हाताने पाडकाम

सुट्टीचे पाहुणे गेल्यावर त्या खानावळींचे काय झाले? मालकांनी एकेका घराच्या पाच-सहा खोल्या केल्या आणि गरिबांना भाड्याने दिल्या. भाडे भरतो कोण? बहुतेक ठिकाणी सरकार. गरिबाला मिळणारे घरभाडे-साहाय्य शेवटी मालकाच्या खिशात जाते. त्याची कमाल रक्कम ठरते आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातल्या भाड्यांवरून, म्हणून ओलीने खाल्लेल्या खोलीलाही बरे भाडे मिळते. दुरुस्ती केली काय, न केली काय, रक्कम तीच. मग कोण शहाणा मालक चुना लावील? स्वस्त खोली मिळते म्हणून दुसऱ्या शहरांतून आजारी, एकटी, काम गेलेली माणसे येत राहिली. गाव गरीब झाले एवढेच नाही, गरिबी त्या गावात आणून साठवली गेली. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी किनारी गावांच्या आरोग्यावर वेगळा अहवाल काढला, त्यातही हे जुन्या हॉटेलांचे स्वस्त खोल्यांत रूपांतर होणे नोंदले आहे.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केले की ब्लॅकपूलच्या मध्यभागातली खराब घरे घेऊन, पाडून, नवी बांधायला ९ कोटी पौंड देऊ. म्हणजे एका हाताने वर्षानुवर्षे भाडे भरून खुराडी पोसायची आणि दुसऱ्या हाताने ती विकत घ्यायला निधी द्यायचा. दोन्ही वेळा पैसा गेला घरमालकाकडे, आणि भाडेकरू बाया-पोरांपुढे नवी जागा शोधायची पाळी. पॅकेज कुणाच्या नावाने निघते आणि कुणाच्या घरी उतरते, हे शोधायला दुर्बीण लागत नाही.

दुसरी बाजूही ऐकू

हे वाचून कुणी म्हणेल, सगळेच वाईट कसे? बरोबर आहे. सगळे वाया गेले असे मी म्हणत नाही. ट्राममार्ग नवा केला, तो २०१२ पासून चांगला चालतो. समुद्राचा बंधारा बांधला, त्याने गाव वाचते. २०१० मध्ये पालिकेने तो जुना मनोरा आणि विंटर गार्डन्सचे सभागृह विकत घेतले, नाहीतर कुणी भंगारात काढले असते. टाऊन्स फंडातले ४५ लाख पौंड दिव्यांच्या उत्सवाला लागले. २०२३ मध्ये नव्या शिक्षणसंकुलाला ४ कोटी मिळाले, त्यातून पोरे शिकतील. बंधारा, रेल्वे, शाळा ही कामे मोठ्या तिजोरीनेच करायची असतात. ती भीक नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गरीब गावाला कराचा अधिकार दिला तरी करणार काय? पडक्या घरांवर किती पट्टी बसणार? हेही कबूल. कोरडवाहू जमिनीला नुसते स्वातंत्र्य देऊन पाणी येत नाही. म्हणूनच देशाच्या उत्पन्नातला वाटा कायद्याने ठरलेला, आधी कळणारा आणि पुरेशा वर्षांचा हवा. तो मंत्र्याच्या मर्जीवर आणि अर्जाच्या गुळगुळीत कागदावर नको. गंमत पाहा, २०२५ च्या प्राइड इन प्लेस योजनेत सरकारने हेच निम्मे मान्य केले. अर्जांच्या शर्यतीऐवजी गरजेच्या मोजमापावरून वस्त्या निवडायच्या, आणि मोठ्या रकमेच्या वस्त्यांना दहा वर्षांत दोन कोटी पौंड द्यायचे. तेरा वर्षे चुकीच्या वाटेने गाडी हाकल्यावर बैल बदलले. वाट बदलली का, ते अजून दिसायचे आहे.

पण कर बसवायचा अधिकार? मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यावर रात्रीमागे थोडा कर बसवावा, ही युरोपातल्या किती तरी गावांची रीत. इंग्लंडच्या गावांना ती मुभा नव्हती. २०२५ च्या नोव्हेंबरात तशी मुभा देण्याची घोषणा झाली, पण ती प्रदेशाच्या महापौरांना, ब्लॅकपूलसारख्या गावाच्या पालिकेला थेट नाही. दरवर्षी लाखो पाहुणे येणाऱ्या गावाला पाहुण्यामागे एक नाणे घ्यायला परवानगी लागते, आणि मागायला गेले तर नाणे मिळत नाही, योजना मिळते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीची भूक कळत नाही, पण काठी मात्र त्याच्याच हातात.

आपल्या बांधावरचा हिशेब

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. त्यात सिंचन होते, व्याजमाफी होती, बियाणे होते, दुभती जनावरे होती. कापसाला वाढीव भाव नव्हता. ज्याच्या घरी वैरण नाही त्याच्या दारात गाय बांधली, तिचे पुढे काय झाले ते या पत्रकाने सांगायची गरज नाही. ज्यांच्या दारात बांधली ते या बैठकीला येतील, त्यांना विचारा.

ब्लॅकपूल आणि यवतमाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे उपासमार नाही, औषध पिऊन शिवारात पडलेला माणूस नाही. तुलना दुःखाची करायची नाही. तुलना करायची ती रीतीची. दोन्हीकडे कमावणाऱ्याच्या हातातली सत्ता आधी गेली आणि मदत नंतर आली. दोन्हीकडे मदतीचे नाव वर ठरले, रक्कम वर ठरली, कशावर खर्चायची तेही वरच ठरले. आणि दोन्हीकडे पैसा पोचला नाही किंवा उपयोगाला आला नाही, तेव्हा बोट दाखवले गेले त्याच्याकडे, ज्याने काहीच ठरवले नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी गावात पुढारी येईल आणि कोटींचा आकडा सांगेल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी पाच प्रश्न विचारा.

हा पैसा नवा आहे, की आमचाच कापलेला परत येतो आहे?

हा देताना दुसऱ्या कुठल्या खात्यातून किती कापले?

माणशी, वर्षाला, किती पडतो?

कशावर खर्च करायचा हे कोण ठरवणार, आणि चुकले तर त्याला आम्ही घरी बसवू शकतो का?

आणि हे पॅकेज संपल्यावर आमच्या मालाचा भाव, आमच्या हातातली सत्ता, तसूभर तरी वाढलेली असेल का?

हे प्रश्न ब्लॅकपूलच्या माणसानेही विचारावेत असे आहेत. ते त्याला कुणी शिकवावेत, असेही नाही. १८७९ मध्ये त्याच्या पणजोबाला ते येत होते. त्याने मागितली होती दोन पेन्सची सत्ता. आपल्या पणजोबाने त्याच काळात सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला होता. त्याची सत्ता नंतर गेली, आपल्याला ती कधी मिळालीच नाही. तो मागे वळून काय गमावले ते पाहू शकतो. आपल्याला पुढे पाहूनच मागावे लागेल.

बैठकीला येताना आपल्या गावात गेल्या वीस वर्षांत आलेल्या योजनांची नावे कागदावर लिहून आणा. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा, त्या योजनेनंतर क्विंटलमागे हातात काय जास्त पडले. बहुतेक ओळी कोऱ्या राहतील. ते कोरे कागद एकत्र करू आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. त्याला वेगळे निवेदन जोडायची गरज पडणार नाही.